डॉक्टरच्या दवाखान्याचं कुलूप

आमचा डॉक्टर निवडणुकीला उभा राहणार म्हटल्यावर सगळा गाव खूश झाला. रागावली एकटी माझी बायको.

"काय धाड भरली त्याला?" ती म्हणाली. "बरा दवाखाना चाललाय. आता मतं मागत हिंडनार!"

मी म्हटलं, "तुझ्या एकटीच्या दम्यापायी त्याने जन्मभर इथेच बसावं काय?"

"बसावं," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

ती जाऊन आता वर्ष होत आलं. घरात बोलणारं कोणी उरलं नाही आणि मला गप्प बसायची सवय नाही, म्हणून हे लिहायला घेतलं. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. जन्म चिरेखाणीत गेला. चूक दिसेल तिथे सुधारून वाचा.

आमचं गाव पूर्णगडच्या खाडीच्या वरच्या अंगाला. वर सडा, म्हणजे नुसता काळा कातळ, तिथे आमच्या जांभ्याच्या खाणी. खाली खाडीकाठी बाजार, मोहल्ला आणि एस्टीचा थांबा. बाजाराच्या टोकाला डॉक्टरचं घर. खाली दवाखाना, वरच्या माळ्यावर तो आणि त्याचं कुटुंब. तो मूळचा घाटावरचा. तरणा होता तेव्हा आला आणि आमच्यातलाच झाला.

माणूस भला, तोंड वाईट. बाईमाणूस आलं तरी ओरडायचा.

"तोंड उघड. आणखी उघड. लाजतेस काय? तुला बघायला आलोय काय मी?"

मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या खलाशाला तो दर खेपेला विचारायचा, "विडी सोडली?"

"सोडली डाक्टर."

"मग हा वास कुणाचा? माझा?"

आमच्या लोकांना हे फार आवडायचं. डॉक्टर जितका जास्त ओरडला तितकं दुखणं त्याला नीट कळलं, असा सगळ्यांचा हिशेब. एखाद्याला त्याने न ओरडता औषध दिलं की तो माणूस तोंड पाडून घरी यायचा. बायका विचारायच्या, काय झालं? तो म्हणायचा, काय सांगू, डॉक्टर गोड बोलला. मग त्या घरात रडारड.

त्या वेळी दवाखान्यात जाताना बाटली आपली न्यायला लागायची. औषध पातळ असायचं. कंपाउंडर मोठ्या बरणीतून ते ओतायचा आणि बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी डकवायचा. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. माझ्या बायकोची बाटली निळी, चपटी, केसांच्या तेलाची. पोराने मुंबईहून आणलेली. डॉक्टर माणसांची नावं विसरायचा, बाटल्या विसरायचा नाही. ती दारात दिसली की आतूनच ओरडायचा, "निळी बाटली आली! काय गं, परत चुलीपाशी फुंकत बसलीस ना?"

तिला दमा पोर झालं तेव्हापासून. जोर केला की छातीत शिट्टी वाजायची. रात्री पाठ टेकता यायची नाही. भाताच्या कणगीला टेकून बसल्या बसल्या डोळे मिटायची. त्याचं औषध घेतलं की बरं असायचं. त्यामुळे तिच्या लेखी डॉक्टर म्हणजे देवळातल्या देवीच्या खालोखाल, आणि पावसाळ्यात देवीच्याही वर.

असा माणूस राजकारणात का गेला? एका साकवापायी गेला. आमची वाडी आणि बाजार यांच्यामध्ये एक पऱ्या, म्हणजे ओढा, आहे. त्यावर लाकडाचा साकव. मोठा पाऊस आला की तो वाहून जायचा, मग आजारी माणूस चादरीच्या झोळीत घालून पाण्यातून न्यायचा. डॉक्टरने पक्का पूल मागायला रत्नागिरीला कचेरीत खेटे घातले. एकदा तिथल्या साहेबाने त्याला आत न बोलावता निरोप पाठवला, अर्ज ठेवून जा. डॉक्टर एस्टीने परत आला तो तांबडालाल होऊन.

"या तालुक्यात ज्याच्या पोटाला मी हात लावला नाही असा माणूस नाही," दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून ओरडत होता, "आणि मला म्हणतो अर्ज ठेवून जा! आता मीच जातो वर. तिथून बघतो त्याच्याकडे."

मुंबईच्या गिरण्या बंद पडून पुष्कळ माणसं तेव्हा गावी येऊन बसली होती. त्यांना काम हवं होतं, निदान घोषणा द्यायला तरी. त्यांनी डॉक्टरला उचलून धरला.

फॉर्म भरायच्या आधी देवळात गाऱ्हाणं घालायचं ठरलं. आमच्याकडे कुठल्याही मोठ्या कामाला देवीपुढे गावकर, म्हणजे गावचा मानकरी, उभा राहतो, मोठ्याने गाऱ्हाणं मांडतो आणि प्रत्येक मागण्यावर सगळा गाव "होय म्हाराजा" म्हणतो. डॉक्टर असल्या गोष्टीत कधी पडायचा नाही. पण उभा राहिला. सदरा नवा, हातात नारळ, चेहरा इंजेक्शन घ्यायला आल्यासारखा.

गावकराने सुरुवात केली. "बा म्हाराजा, आज ह्यो तुझा लेकरू मतांच्या लढाईला उभा ऱ्हायलाय. त्येच्या हाताला यश दिलंस, तसं त्येच्या पेटीला यश दे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"जो कोन त्येच्या आडवा येत असंल त्याला बाजूला कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"त्येला हितनं उचल आनि मुंबईच्या खुर्चीत नेऊन बसव म्हाराजा!"

सगळा गाव होय म्हणायला तोंड उघडणार, त्याच्या आधी बायकांच्या घोळक्यातून एक आवाज आला, "नको म्हाराजा!"

गावकराचा हात वरच्या वर राहिला. आवाज कुणाचा हे मला न बघताच कळलं. मी खांबाकडे बघत राहिलो. कोणी म्हणालं, ह्या बाईला बाहेर काढा. कोणी म्हणालं, अपशकुन झाला. एवढ्यात डॉक्टरच हसायला लागला.

"अरे राहू दे, माझी पेशंट आहे ती," तो म्हणाला. मग तिच्याकडे वळला. "तू काळजी करू नकोस. मी हरतो आणि परत येतो बघ."

"देवी करो," ती म्हणाली.

तो प्रचाराला हिंडला तेही दवाखान्यासारखंच. भाषण त्याला येत नव्हतं. माइक हातात घेऊन समोरच्यांना झापायचा. एका सभेत म्हणाला, जो तंबाखू खाऊन माझ्या पायरीवर थुंकतो त्याने मला मत देऊ नये. मंडपातल्या निम्म्या लोकांचे चेहरे उतरले. कार्यकर्त्यांनी कपाळाला हात लावले. तरी तो निवडून आला, आणि साधासुधा नाही, दणक्यात. पुढे काही दिवसांतच कळलं की त्याला राज्यमंत्री केलाय. आम्हाला वाटलं, डॉक्टर म्हणजे आरोग्य खातं मिळणार. मिळाली बंदरं आणि मासे.

मोहल्ल्यातली भाभी माझ्या बायकोची मैत्रीण. तिचा नवरा कुवेतला. ती दारात बसून मासे साफ करता करता म्हणाली, "काय करनार तो? आता बांगड्याला सुया टोचील."

सगळ्या बायका हसल्या. माझी बायको हसली नाही. त्या महिन्यात तिने देवीला नारळही दिला नाही.

डॉक्टरने मुंबईला बिऱ्हाड हलवलं. कंपाउंडर रत्नागिरीला एका औषधाच्या दुकानात लागला. दवाखान्याला कुलूप पडलं. मोठं, पितळी, जहाजावरच्या पेटीला असतं तसं. बाजारात गेली की माझी बायको त्या दारापुढे उभी राहायची आणि कुलुपाकडे बघायची. मी म्हणायचो, बघून उघडणार आहे काय ते?

शेवटची भरलेली बाटली तिच्याकडे होती. ती तिने पुरवून पुरवून वापरली. औषध खाली गेलं की वर पाणी घालायची. मला आधी कळलं नाही. मग बघतो तर औषधाचा रंग रोज फिका होतोय. शेवटी नुसतं पाणी उरलं, ते पण ती कागदाच्या खाचेवर बोट ठेवून मोजून प्यायची.

"अगो, ते पाणी आहे," मी म्हटलं.

"बाटलीला वास हाय अजून," ती म्हणाली.

सरकारी दवाखाना नव्हता असं नाही. होता, पण सड्यावर, उघड्या कातळात, गावाच्या बाहेर. सरकारने जागा फुकट मिळाली तिथे बांधला. तिथे डॉक्टर यायचे आणि जायचे. त्या वर्षी एक पोरगी आली होती, लातूरकडची, नुकती शिकून बाहेर पडलेली. मी बायकोला एकदा बळेच घेऊन गेलो. त्या पोरीने नीट तपासलं, गोळ्या दिल्या, "मावशी, काळजी घ्या" म्हणाली.

वाटेत बायको म्हणाली, "हिला काय कळत नाय."

"कशावरून?"

"ओरडलीच नाय."

गोळ्या तिने फडताळात ठेवल्या, मुंग्यांसाठी.

आणि मग एका सकाळी विहिरीवर तिला दम लागला. घागर वर आली नाही. भाभी शेजारीच होती, तिने कमरेला धरून बसवलं आणि मला बोलवायला माणूस धाडला. मी खाणीतून धावत आलो. बघतो तर तिचे ओठ निळे, डोळे बाहेर आलेले, मानेच्या शिरा तटतटलेल्या. बोलता येत नव्हतं. तिला बोलता येत नाही असं मी त्याआधी कधी बघितलं नव्हतं. खुर्चीत बसवली, चौघांनी खुर्ची उचलली आणि सड्यावर नेली. त्या पोरीने शिरेत सुई दिली, हळूहळू, घड्याळाकडे बघत. मला बाहेर जायला सांगितलं. मी गेलो नाही. थोड्या वेळाने माझ्या बायकोच्या तोंडाला रंग आला. पहिलं वाक्य बोलली ते हे, "घागर विहिरीत ऱ्हायली."

घरी आल्यावर मी म्हटलं, आता तरी पटलं ना? उद्यापासून हिच्याकडे जायचं. तर म्हणते, नाही.

मी चिडलो. भाभीही चिडली. म्हणाली, "काय गो वयनी, मरायचंय काय तुला?"

तेव्हा ती खरं बोलली. "ती जानार. सगळे जातात. आज हिच्या औषधाची सवय लावून घेऊ, चार महिन्यांनी ती पन जाईल. मग परत मी त्या कुलपासमोर उभी. एकदा झालं तेवढं पुरे."

भाभीला एक गोष्ट ठाऊक होती, ती तिने तेव्हा सांगून टाकली. ती सड्यावरच्या डॉक्टरीणबाईंना मासे द्यायला जायची. बाईंच्या खोलीला पाणी नव्हतं, छपराचे दोन पत्रे उडालेले, आणि दारात दर पावसात विषारी फुरसं निघायचं. बाईंनी बदलीचा अर्ज दिला होता. म्हणजे बायको म्हणत होती ते खरंच होतं. बाई गेल्या असत्या आणि माझी बायको पुढच्या पावसाळ्यात त्या विहिरीवर नाहीतर चुलीपाशी कुठेतरी संपली असती. मला हे स्वच्छ दिसत होतं आणि करायला काही सुचत नव्हतं. कातळ असता तर फोडला असता.

अशात मंत्री झाल्यावर डॉक्टर पहिल्यांदा गावात येणार असं कळलं. शाळेच्या पटांगणात सत्कार. आदल्या दिवशी जीपमधून भोंगा फिरला, "आपले लाडके डॉक्टर उद्या आपल्या भेटीला येत आहेत हो!"

सकाळी माझी बायको लुगडं नेसून तयार झाली आणि फडताळातली निळी बाटली काढून धुतली.

"ही कशाला?" मी म्हटलं.

"डाक्टर येनार ना? मग हात हलवत जायचं काय?"

भाभीने पण आपली घेतली, पोटाच्या औषधाची, बुटकी. वाटेत बायकांनी या दोघींच्या हातात बाटल्या बघितल्या. "अगो, बाटल्या न्यायच्यात काय?" म्हणत एकेक घरी पळाली. पटांगणावर पोचेपर्यंत पन्नासभर बायका झाल्या असतील, आणि प्रत्येकीच्या हातात रिकामी बाटली. हिरवी, पांढरी, तपकिरी. त्या तशाच मंडपासमोर ओळ करून उभ्या राहिल्या, जशा दवाखान्याबाहेर राहायच्या.

बंदोबस्ताला आलेला फौजदार नवा होता. त्याने एवढ्या रिकाम्या बाटल्या बघितल्या आणि त्याला वाटलं पाण्याचा मोर्चा आला. तसं वाटणं चूक नव्हतं. आमच्या नळाला शिमग्यापासून पाणी नव्हतं. तो धावत आला.

"बाई, मोर्चाची परवानगी घेतलीय का?"

"दम लागायला परवानगी लागते?" माझी बायको म्हणाली.

फौजदाराला काही कळलं नाही. त्याने जाऊन बीडीओ साहेबांच्या कानात सांगितलं. साहेब रुमालाने मान पुसत आले. मंत्री यायच्या वेळेला मोर्चा म्हणजे त्यांची नोकरी धोक्यात.

"हे बघा, भगिनींनो," ते म्हणाले, "उद्या टँकर येईल. आणि परवा नळ चालू करून देतो. शब्द देतो. पण बाटल्या खाली ठेवा."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. औषधाच्या बाटलीचा आणि नळाचा संबंध कुणालाच कळेना. भाभी मात्र हुशार. तिने एका क्षणात ओळखलं काय झालंय ते.

"परवा नको," ती म्हणाली. "उद्याच. आनि सड्यावरच्या दवाखान्याला पन."

"बरं बरं, उद्या," साहेब म्हणाले.

आमच्या वाडीला पाणी आलं ते असं. नंतर कित्येक वर्षं आम्ही त्या नळाला बाटलीचा नळ म्हणायचो.

एवढ्यात गाडी आली. दिवा लावलेली पांढरी गाडी, मागे दोन जीपा. डॉक्टर उतरला. पांढरे कपडे, थोडा सुटलेला. हार गळ्यात पडायला लागले. हारांमधून त्याने समोर बघितलं, बायका, ओळ, बाटल्या. आणि तो हसायला लागला. हसता हसता डोळे पुसायला लागला. साहेब लोक पण हसले, का ते न कळता.

तो स्टेजवर गेलाच नाही. सरळ ओळीपाशी आला.

"निळी बाटली! दम कसा आहे?"

"तुमच्यासारखा," ती म्हणाली. "कधी हाय, कधी नाय."

"बस इथे." त्याने एक खुर्ची ओढली. मागे डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, त्यांच्या गळ्यातली नळी मागून घेतली आणि तिथेच, सगळ्या गावासमोर, तिच्या पाठीला लावली. एकदा, दोनदा. त्याचं हसू गेलं.

"कोण बघतं तुला आता?"

"कोन नाय."

मग तो ओरडला. तसाच, पूर्वीसारखा. भोंगा नको असा ओरडला. "कोण नाही म्हणजे? सड्यावर डॉक्टर बसवलीय ती काय कातळाचे फोटो काढायला? छाती अशी वाजतेय आणि घरी बसलीस? अक्कल आहे की नाही?"

माझी बायको ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरत होतं. किती दिवसांनी कोणीतरी तिला नीट तपासलं होतं. त्याचं ओरडून संपू दिलं तिने. मग म्हणाली,

"मी जाईन तिच्याकडं. पन ती राहायची नाय. पानी नाय, छप्पर नाय, दारात फुरसी. तिनं अर्ज दिलाय. विचारा तिला."

डॉक्टरने बाईंकडे बघितलं. बाईंनी मान खाली घातली.

"आनि तुमचं घर बंद," बायको पुढे म्हणाली. "बाजारात, हाताशी, विहीर परसात. कुलूप कशाला घातलंय ओ?"

"माझं सामान आहे त्यात," तो म्हणाला. "टेबल आहे, कपाटं आहेत. मी काय मंत्री म्हणून मरणार आहे काय? आज आहे, उद्या नाही. परत यायचंच आहे मला इथे."

"कधी?"

"आता कसं सांगू?"

"मग तवर मी दम कुठं ठेवू?"

डॉक्टरने तिच्याकडे बघितलं, मग खाली बघितलं. मी त्याच्या अगदी जवळ उभा होतो. मला वाटतं त्याला पहिल्यांदाच कळलं की ते कुलूप त्याने आमच्यासाठी घातलं नव्हतं, स्वतःसाठी घातलं होतं. हरलो तर जायला जागा असावी म्हणून. त्यात वाईट काही नाही. कोणीही घालील. पण तिथे उभं राहून, तिच्या छातीची शिट्टी कानात असताना, त्याला ते जड गेलं असणार.

"पाणी असलं, घर असलं, तर राहाल का?" त्याने बाईंना विचारलं.

"लोक येणार असतील तर राहीन, सर," बाई म्हणाल्या. "रिकामं बसायला नको वाटतं."

"लोक येतील," माझी बायको मध्येच म्हणाली, जसं काही गाव तिच्या मुठीत होतं.

डॉक्टरने खिशात हात घातला. चावी त्याच्या खिशातच होती. मंत्र्याच्या झब्ब्याच्या खिशात, मुंबईहून इथवर, रोजची बरोबर घेऊन फिरायचा असावा. त्याने ती बाईंच्या हातात दिली. लगेच नाही सोडली, जरा धरून ठेवली.

"डाव्या कपाटाचा खण अडकतो," तो म्हणाला. "वर उचलून ओढायचा."

मग बायकोला म्हणाला, "झालं समाधान?"

"बघू," ती म्हणाली.

औषध त्या दिवशी कुणालाच मिळालं नाही. बायका कुरकुरत रिकाम्या बाटल्या घेऊन परत गेल्या. भाषण झालं, मला त्यातलं काही आठवत नाही.

भाड्याबिड्याचं सरकारी कागदावर काय ठरलं ते मला ठाऊक नाही. आठवड्याभरात बाई खाली राहायला आल्या. सकाळी सड्यावर, दुपारनंतर बाजारातल्या दवाखान्यात. माझी बायको पहिल्या दिवशी पहिली जाऊन बसली. बोलल्याप्रमाणे गावही आला, कारण तिने घरोघर जाऊन बायकांना उठवलं. भाभीने मोहल्ल्यातल्या आणल्या.

बाई फार हळू बोलायच्या. बायकोने त्यांना सांगितलं, "जरा ओरडत जा ओ. लोकांना बरं वाटंल."

बाईंनी प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्याला म्हणाल्या, "आजोबा! गोळी का घेतली नाहीत तुम्ही!" आणि स्वतःच लाजल्या.

"जमंल हळूहळू," बायको म्हणाली.

एक दिवस बाई आमच्या घरी आल्या आणि सरळ स्वयंपाकघरात शिरल्या. चूल बघितली, वर काळं झालेलं छप्पर बघितलं. मला म्हणाल्या, "काका, तुम्ही चिरे फोडता ना? मग या भिंतीला इथे भोक पाडा. मोठं. धूर बाहेर जायला." मी त्याच दिवशी पाडलं. इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या घरांचे चिरे काढले, माझ्या भिंतीतला एक काढायचं सुचलं नव्हतं. बायको म्हणाली, "भिंत फुकट घालवलीत." पण दुसऱ्या दिवशी चुलीपाशी बसून गाणं म्हणत होती.

डॉक्टरचं सांगायचं तर त्याने त्याची खुर्ची नीट सांभाळली. पऱ्यावर पक्का पूल झाला. मासेमारीच्या लोकांसाठी जेटी झाली. पुढच्या निवडणुकीत तो पडला. पडल्यावर गावात आला, दवाखान्यात गेला, कपाटाचा खण उचलून ओढून बघितला, बाईंनी टेबल चुकीच्या बाजूला लावलंय म्हणून ओरडला आणि चहा पिऊन रत्नागिरीला गेला. तिथे त्याने दुसरा दवाखाना काढला. आमचा परत मागितला नाही. बाई तोवर आमच्याकडे मुरल्या होत्या, मस्त ओरडत होत्या.

माझी बायको म्हातारी होऊन गेली. दम्याने गेली नाही. एवढं मला पुरे आहे.

मला आठवतो तो पहिला पावसाळा. खाणी बंद होत्या, आम्ही लावणीला लागलो होतो. बाईंच्या गोळ्या चालू होत्या, म्हणून मी तिला शेतात न्यायचो नाही. दुपारी मी भिजून घरी आलो, इरलं पडवीत टेकवलं, आणि बघतो तर ती पडवीत चटईवर आडवी झोपलेली. उताणी, पाय पसरून, तोंड उघडं. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर मी तिला कधी अशी आडवी बघितली नव्हती. मला वाटलं, गेली. मी वाकलो आणि तिच्या नाकाखाली हात धरला.

तिने डोळे उघडले. "काय बघताय ओ?"

"काही नाही," मी म्हटलं. "जेवायला वाढ."

"वाढून घ्या," ती म्हणाली. "मी झोपलेय." आणि कुशीवर वळली.

मी वाढून घेतलं. भात आणि सुक्या जवळ्याची आमटी होती. ताट घेऊन तिच्या शेजारी पडवीत बसलो आणि आवाज न करता जेवलो.